ज्युनियर केजीतला लेक लिहीत नाहीये, काय करू? आधी त्याचा हात बघ

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते. आम्ही चिंचवडला राहतो, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, घरी सासूबाई असतात. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, जूनमध्ये ज्युनियर केजीत गेला. बोलायला एकदम चुरूचुरू पण लिहायला बसवलं की रडारड. टीचरनी डायरीत तीनदा लिहिलंय की रायटिंग स्लो आहे, घरी प्रॅक्टिस घ्या आणि घरी इंग्लिशमध्ये बोला. रोज एक पान होमवर्क असतो, साडेसातला बसतो ते साडेआठ वाजतात. तीनचा आकडा उलटा काढतो, खोडून खोडून पान फाटतं. परवा मी त्याला धपाटा घातला आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. सासूबाई म्हणतात लाडावलाय. त्या त्याला जेवताना पण सारखं उजव्या हाताने जेव सांगत असतात, तेही ऐकत नाही. ग्रुपवर बाकीच्या आया वह्यांचे फोटो टाकतात ते बघून पोटात गोळा येतो. जेवताना मोबाईल लागतोच. ट्यूशन लावू का? शाळा बदलू का? की त्याला खरंच काही प्रॉब्लेम आहे? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलीसारखीच आहे. — चिंचवडहून एक आई"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, केजी, होमवर्क, रडारड, शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांत अशी पत्रं यायला लागतातच. पण दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर मी थांबले आणि ती ओळ तू अगदी सहज लिहून गेलीयेस. सासूबाई सारखं उजव्या हाताने जेव सांगतात आणि तो ऐकत नाही. म्हणजे तो डावखुरा आहे का गं? पेन्सिल तो आपणहून कुठल्या हातात घेतो? आणि ती काढून कुणी दुसऱ्या हातात देतं का, घरी किंवा शाळेत?

ट्यूशन, शाळा, इंग्लिश हे सगळं जरा बाजूला ठेव आणि आधी हे बघ. चारपाच दिवस काहीही न बोलता नुसतं बघायचं. ब्रश कुठल्या हातात घेतो, बॉल कुठल्या हाताने फेकतो, बाटलीचं झाकण फिरवताना कुठला हात फिरतो आणि कुठला नुसता धरून ठेवतो, रिमोटचं बटण, दाराची कडी, कात्री, कंगवा. वस्तू देताना त्याच्या बरोबर मध्यभागी, छातीसमोर धर, एका बाजूने दिलीस तर जवळचा हात पुढे येतो आणि आपली फसगत होते. फ्रीजवर एक कागद लाव, दोन रकाने कर, डावा आणि उजवा, आणि प्रत्येक वेळेला एक रेघ मार. त्याला सांगू नकोस कशासाठी ते. काही मुलांचा हात या वयात अजून पक्का ठरलेला नसतो, थोडा वेळ डावा थोडा वेळ उजवा चालतो, ते साधारण सहाव्या वर्षापर्यंत ठरत जातं, त्यामुळे दोन्ही रकान्यांत सारख्या रेघा आल्या तरी घाबरायचं नाही. पण डाव्या रकान्यात ढीगभर रेघा आल्या तर मग तुला कळेल की तुझा लेक लिहायला बसतो तेव्हा दोन लढाया एकदम लढतोय, अक्षराशी एक आणि स्वतःच्या हाताशी एक.

शंभरातली साधारण दहा माणसं डावखुरी असतात. यात लाड नाही, हट्ट नाही, वळण लावायचं राहिलं असं काही नाही, ते जन्माबरोबरच येतं. पूर्वी आपल्याकडे पट्टी मारून हात बदलायला लावायचे, माझ्या पिढीतले कितीतरी लोक त्यातून गेलेत. हात बदलतो, नाही असं नाही, पण पोराच्या मनात लिहिणं म्हणजे शिक्षा असं जे बसतं ते लवकर निघत नाही. सासूबाईंशी यावरून वाद घालू नकोस हं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे, प्रसाद उजव्या हातात घ्यावा, पंगतीत उजव्या हाताने जेवावं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे. मधला रस्ता असा की प्रसाद, तीर्थ, देवाला फूल वाहणं यासाठी उजवा हात पुढे करायचा हे त्याला प्रेमाने सांगा, हे तो शिकेल, डावखुरी मुलं शिकतात. पण पेन्सिल, खडू, ब्रश, चमचा, कात्री यांना तो घेईल तो हात, तिथे कुणी बोलायचं नाही. आणि शाळेत टीचरना सांग की त्याला बेंचच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजारच्या उजव्या हाताच्या मुलाचं कोपर आणि याचं कोपर सारखं आपटत राहतं. वही थोडी उजवीकडे कलती ठेवायची आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे आपण काय लिहिलं ते त्याला दिसतं, नाहीतर डावखुऱ्या मुलाचा हात स्वतःच्याच अक्षरावरून घासत जातो, सगळी करंगळी काळी होते आणि मग शेरा येतो की वही घाण करतो.

आता समज तो डावखुरा नाहीच निघाला. तरीही रोज एक पान हे सव्वाचार वर्षांच्या हाताला जास्तच आहे. का ते सांगते, कारण हे एकदा कळलं की तुझी निम्मी भीती जाईल.

आपल्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, कूर्चा असते, म्हणजे हाडाच्या जागी मऊ, लवचिक भाग. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात जेमतेम तीन-चार हाडं दिसतात, बाकीची अजून तयार व्हायचीत. नुसत्या हाडांमुळे लिहिता येत नाही असं मी म्हणत नाही, त्यात बोटांचे स्नायू आले, खांद्याची ताकद आली, डोळा आणि हात यांचा मेळ आला, पण तो हात अजून घडतोय हे तुझ्या डोळ्यांपुढे यावं म्हणून सांगितलं. आणि दुसरं, मूल आकार कुठल्या क्रमाने काढायला शिकतं ते बघ. तीन वर्षांच्या आसपास बघून गोल काढतं. चारच्या आसपास अधिकचं चिन्ह. साडेचार-पाचला चौकोन. त्रिकोण पाचच्या पुढे. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते गं. आता ए, के, एम, एन, व्ही, डब्ल्यू ही अक्षरं डोळ्यांसमोर आण, त्यात काय आहे? तिरक्या रेघाच तर आहेत सगळ्या. मग सव्वाचार वर्षांच्या पोराला ती पानभर काढायला लावायची आणि स्लो आहे म्हणायचं, हे काही बरोबर नाही. आणि ग्रुपवर ज्या वह्यांचे फोटो येतात त्यातल्या निम्म्या वह्यांवर आईने हात धरून लिहून घेतलेलं असतं, ते मला अक्षराच्या दाबावरून कळतं. तू तो ग्रुप म्यूट कर सरळ.

तीन उलटा काढतो त्याचंही तेच. साधारण सात वर्षांपर्यंत मुलं आकडे आणि अक्षरं उलटी काढतात. विचार कर ना, आजवर त्याच्या जगात कपाचा कान डावीकडे असला काय आणि उजवीकडे असला काय, कप तो कपच. चप्पल उलटी पडली तरी चप्पलच. तोंड कुठे आहे यावरून गोष्ट बदलते असं त्याला पहिल्यांदा भेटलंय ते हे आकडे. वेळ लागणारच. त्याच्या शेजारी बरोबर तीन काढून ठेव, बस, चूक चूक म्हणून खोडायचं नाही.

माझ्या बालवाडीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. मी ३१ वर्षं बालवाडीत काढली, त्यातली ही अगदी सुरुवातीची. चार वर्षांची होती, पाटी पुढे ठेवली की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची. रडायची नाही, बोलायची नाही, नुसते हात मांडीखाली. मी पण तेव्हा नवीन होते, मला वाटलं हट्टी आहे. तिची आई मंडईच्या बाहेर भाजी विकायची आणि थंडीत मटार सोलून वाटे लावायची. एक दिवस मी तिथून जाताना बघितलं तर ही बया आईच्या मांडीला टेकून मटार सोलत बसलेली. अंगठा शेंगेच्या शिवणीवर असा नेमका ठेवायची, एक दाब, टच्, आणि मग तोच अंगठा आतून सरकवत सगळे दाणे एका दमात वाटीत. एकही दाणा खाली नाही. मी तिथे उभी राहून बघतच बसले. दुसऱ्या दिवशी मी किलोभर शेंगा वर्गात नेल्या. बाकीची मुलं दाताने फोडत होती, चिरडत होती, आणि ही त्यांना दाखवत होती, असं नाही रे, हितं दाब. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला वर्गाने. मग मी पाटी बाजूलाच ठेवली. मणी ओवणं, वाती वळणं, लसूण सोलणं, ओल्या मातीचे गोळे, आणि दिवाळीच्या आधी दारात रांगोळीच्या वाट्या. रांगोळी चिमटीत धरताना बघ कधी, अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट, तीनच बोटं लागतात आणि पेन्सिलीलाही नेमकी तीच तीन लागतात, फक्त रांगोळी सांडली तर कुणी रागावत नाही. जानेवारीत कधीतरी तिने आपणहून पाटी ओढली आणि एक मोठ्ठा र काढला, अर्धी पाटी भरेल एवढा. मी सांगितलेलं नव्हतं.

तर तुझ्या घरी रोज संध्याकाळी तासभर जी रडारड चालते ती आजपासून बंद. त्याऐवजी आल्यावर तुझ्याबरोबर ओट्यापाशी स्टुलावर उभा कर. कणकेचा गोळा दे, तिंबू दे, लाटू दे, नकाशा झाला तरी भाजून त्यालाच खायला घाल. गवार मोडायला दे, कोथिंबीर निवडायला दे, कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्याकडे. रविवारी गच्चीत बादलीभर पाणी आणि रंगवायचा जुना ब्रश दे आणि भिंतीवर पाण्याने काय वाट्टेल ते काढू दे, मोठ्या रेघा, खांद्यापासून हात फिरला पाहिजे, कारण खांदा पक्का झाल्याशिवाय बोटं पक्की होत नाहीत. फरशीवर खडू. ताटात पसरलेला रवा आणि त्यात बोटाने आकार, ताट हलवलं की पुसलं, पान फाटायची भीतीच नाही. सासूबाईंना वाती वळायला बसवताना त्याला शेजारी बसवायला सांग, त्यांच्याइतकी चांगली टीचर तुला पैसे देऊन मिळणार नाही, आणि त्यांनाही बरं वाटेल की पोराच्या शिकण्यात आपला हात आहे.

होमवर्कचं काय मग? दहा मिनिटं. घरी आल्यावर खाऊन झाल्यावर, साडेसातला नाही, तोपर्यंत पोर थकून गेलेलं असतं आणि तूही. एक ओळ झाली तर एक ओळ, खाली तू लिही "आज एवढं आनंदाने केलं" आणि सही कर. खोडरबर कपाटात टाक. ओळ झाली की त्यालाच विचार, यातला तुला कुठला सगळ्यात आवडला, आणि त्याला त्यावर गोल करू दे. मुलं बरोब्बर सगळ्यात चांगल्या अक्षरावर गोल करतात, आपण लाल पेनने दाखवायची गरजच पडत नाही.

आता भाषा. हे मला जरा जोरात सांगायचंय कारण या एका सल्ल्याने घराघरात नुकसान होताना मी बघितलंय. घरी इंग्लिशमध्ये बोला असं टीचरनी सांगितलं, त्यांचा हेतू चांगला आहे, पोराला वर्गात समजावं एवढाच. पण तुझं घरातलं इंग्लिश काय असणार सांग, कम हिअर, सिट डाऊन, ईट फास्ट, डोन्ट टच. हुकूमच सगळे. आणि तीच तू त्याच्याबरोबर भेंडी चिरायला बसलीस की मराठीत काय काय बोलशील, ही कोवळी आहे बघ, कटकन मोडली, ही जून निघाली, आत बी टणक झालंय, हात बुळबुळीत झाला का, का होतो माहितीये, आजी कशी भेंडी पुसून घेते, नाही पुसली तर काय होईल? कोवळी, जून, टणक, बुळबुळीत, आणि नाही केलं तर काय होईल, यात विचार आहे गं, कारण आहे, तुलना आहे. मूल विचार करायला ज्या भाषेत शिकतं ती भाषा भक्कम असली की दुसरी भाषा तिच्या खांद्यावर चढते. इंग्लिश येईल त्याला, शाळेत रोज कानावर पडतंयच, इंग्लिश गोष्टीचं पुस्तक तू रात्री वाचून दाखव की, चित्रावर बोट ठेवून मराठीत गप्पा मारत. पण घराची बोली बंद करून नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातसुद्धा जिथे शक्य आहे तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत, मातृभाषेत शिकवावं असंच म्हटलंय. तुझी शाळा इंग्लिश मीडियमची आहे ती आहे, पण घर तरी मराठी मीडियमचं राहू दे.

आणि त्याला प्रश्न विचारलास की थांब. मनातल्या मनात पाच अंक मोज. आपण मोठी माणसं एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मूल शब्द शोधत असतं, त्याला वेळ लागतो, त्या पाच अंकांत कितीतरी वेळा असं काही उत्तर येतं की आपण चाट पडतो. कानाचे खेळही खेळ, बसस्टॉपवर, रिक्षात, कुठेही. बटाटा म्हणताना किती टाळ्या, ब-टा-टा तीन. पाणी दोन. ताटात क ने सुरू होणारं काय काय आहे, काकडी, कांदा, कोशिंबीर. तो चुरूचुरू बोलतो म्हणतेस ना, मग हे त्याला प्रचंड आवडेल, आणि वाचायला शिकण्याची खरी तयारी हीच आहे, शब्दातले आवाज सुटे ऐकू येणं. लिहिणं हे सगळ्यात शेवटी येतं, आपण मात्र पहिल्याच दिवशी पेन्सिल हातात देतो.

मोबाईलचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तमच, दिवसभरात निदान तीन तास हालचाल, खेळ, धावपळ हवी आणि झोप दहा ते तेरा तास. तुझ्या घरी जेवण आणि मोबाईल हे जोडलं गेलंय तेवढं आधी तोड. आठवडाभर कमी जेवेल, रडेल, जेवू नको म्हणावं, उपाशी राहत नाही पोर. ताट त्याच्या हाताने वाढून घेऊ दे, सगळ्यांबरोबर बसव, तुमचे फोनही दुसऱ्या खोलीत. सासूबाईंनी गोष्ट सांगितली तर मोबाईलपेक्षा ताट लवकर संपतं, हा माझा अनुभव आहे.

टीचरशी भांडू नकोस. मी त्या खुर्चीत बसलेय. वर्गात चाळीस मुलं, मदतनीस एकच, वरून वह्या भरल्या का ते बघतात आणि पालकसुद्धा विचारतात की अमक्याचं पान भरलं, आमच्याचं का नाही. त्या बाईंचीही कोंडी असते. म्हणून मीटिंगच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागून दहा मिनिटं भेट आणि साधं सांग की मॅडम, घरी आम्ही त्याचा कुठला हात जास्त चालतो ते बघतोय, हा कागद बघा, तुम्हाला वर्गात काय दिसतं? आधी त्यांना विचार. मग सांग की दोन महिने आम्ही एकच ओळ करू आणि हाताची कामं घेऊ, तुम्ही डायरीत स्लो असं लिहिण्याऐवजी तो वर्गात काय छान करतो ते आठवड्यातून एकदा लिहाल का, मी त्याला वाचून दाखवीन. बहुतेक टीचर ऐकतात. आपल्याशी कुणी बरोबरीने बोलतंय, हे बघून त्यांनाही हुरूप येतो. अडून बसल्या तर २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं नाव काढ, त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी परीक्षा हे साधनच योग्य नाही असं स्वच्छ म्हटलंय, आणि तीन ते सहासाठी ठरावीक पाठ्यपुस्तकसुद्धा नको म्हटलंय. पण ते अगदी शेवटी. कायदा दाखवून सुरुवात केली की दार बंद होतं.

हे सदर शिक्षिकाही वाचतात, मला मेसेज येतात त्यांचे, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलते. साहित्य नाही, जागा नाही, मुलं जास्त, हे मला मान्य आहे. पण आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी काय केलं ते आठवा. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत यायची नाहीत, तर यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी हा शब्द आला, आणि १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशभर तोच शब्द गेला. परदेशी महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शंख, शिंपले, पानं, खडे, यांच्यावर मोजणी, जुळवणी, लहानमोठं सगळं घेतलं त्यांनी. आज चिंचेच्या चिंचोक्यांना काय पैसे पडतात? चाळीस मुलांचे आठआठचे पाच गट करा, एक गट चिंचोके, एक माती, एक चित्रं, एक गोष्टीची पुस्तकं, आणि पाचवा गट तुमच्याजवळ बसून पाटीवर. वीस मिनिटांनी गट फिरवा. एका वेळेला आठच मुलांचे हात बघायचे असतात, मग कोण डावखुरं आहे, कुणाची पकड घट्ट आहे, कुणाला नीट दिसत नाहीये हे आपोआप दिसतं. आणि चुकलेल्या अक्षरावर लाल फुली नका मारू बायांनो, चार वर्षांच्या मुलाला फुली वाचता येते, बाकी काही येत नसलं तरी.

आता तुझा शेवटचा प्रश्न, काही प्रॉब्लेम आहे का. तू जे लिहिलंयस त्यात मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही, बोलतो छान, बाकी तक्रार नाही. पण एकदा या गोष्टी नीट बघून घे. पुस्तक अगदी डोळ्याजवळ धरतो का, एक डोळा मिटून बघतो का, टीव्हीच्या जवळ जातो का, तसं असेल तर डोळे तपासून घे. मागून हळू आवाजात हाक मारली तर वळतो का, नसेल वळत तर कान. त्याचं बोलणं परक्या माणसाला कळतं का, इतर मुलांमध्ये खेळतो का, आधी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झालीये का. यातलं काही असेल तर थांबायचं नाही, मुलांच्या डॉक्टरांना सांगायचं आणि विकासाची तपासणी करून घ्यायची. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, जिल्हा रुग्णालयात त्यासाठीचं केंद्र असतं, हे तुझ्या कामवाल्या मावशींनाही सांग, त्यांच्या घरीही लहान मूल असेल. लवकर कळलं तर या वयात खूप काही करता येतं.

ट्यूशन नको. दिवसभर शाळा, संध्याकाळी ट्यूशन, मग तो खेळणार कधी? शाळा बदलायची घाईही नको, मित्र झालेत, रस्ता ओळखीचा झालाय. दोन महिने हे करून बघ, टीचरशी बोल, आणि तरीही पोर सकाळी शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणायला लागलं किंवा तिथे मारतात, कोंडून ठेवतात असं काही कळलं तर मात्र एक दिवस थांबू नकोस.

आणि त्या धपाट्याबद्दल. तू बाथरूममध्ये रडलीस, त्याला ते माहीत नाही, त्याला फक्त धपाटा माहितीये. आज रात्री झोपताना त्याला जवळ घे आणि सांग, परवा आईचं चुकलं, मी दमले होते, तुझं काही चुकलं नव्हतं. एवढंच, लांबण लावू नकोस. मग उद्या एक कोरी वही आण, रेघांची नको, आणि ती फक्त चित्रांची. त्याने काहीही काढलं की हे काय आहे असं विचारू नकोस, "मला याच्याबद्दल सांग" म्हण, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, शब्द न बदलता, चित्राखाली तुझ्या अक्षरात लिही आणि तारीख घाल. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्या आई ते जसंच्या तसं परत वाचून दाखवते, हे त्याला एकदा दिसलं की लिहायचं कशासाठी ते त्याला कुणी समजवावं लागत नाही.

महिन्याभराने मला पत्र लिही. फ्रीजवरच्या कागदावर डाव्या रकान्यात किती रेघा झाल्या ते कळव, आणि त्या वहीतल्या पहिल्या चित्राबद्दल तो काय म्हणाला तेही.